मागच्या पायाचा काटा

गोचिडीची ओळख पटवायची तर आधी तिला उताणी करावी लागते. हेमांगी गवसने आयुष्यातली तीसेक वर्षं दुसरं फारसं काही केलं नव्हतं. लग्नकार्यात कुणी विचारलंच, "तुम्ही काय करता?" तर ती खरं सांगून टाकायची, आणि विचारणारा हातातली ताटली जरा लांब धरायचा. पूर्वी तिला याची गंमत वाटे. आता साठी जवळ आली होती, पाठ दुखत होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काटे आणि खाचा बघून गोचिडीची प्रजाती सांगणारं तिच्याखेरीज देशात कुणी उरलं नव्हतं. तशी गरजही उरली नव्हती, कारण डबी आली होती.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र. गोचिडीचा एक पाय तोडून तिच्यात टाकायचा. डबी त्या पायातल्या डीएनएचा एक ठरलेला तुकडा वाचायची, पोटात साठवलेल्या हजारो तुकड्यांशी ताडून पाहायची आणि चहाला उकळी फुटण्याआधी नाव सांगायची. नावापुढे खात्रीची टक्केवारीसुद्धा. ज्या कामासाठी हेमांगीने डोळे घालवले ते काम आता कुणीही करू शकत होतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटायलासुद्धा थोडी उमेद लागते.

"मॅडम, परवा देवाला कौल लावायचाय," अनिरुद्ध केळशीकर दारातूनच म्हणाला. तो तिचा जुना विद्यार्थी. आता गोचीड-निर्मूलन प्रकल्पाचा प्रमुख होता, पण आंबेखोलच्या या संशोधन केंद्रात आला की अजूनही चपला बाहेर काढायचा. "या वेळी गाऱ्हाणं बाबलकाका घालणार आहेत."

बाबल म्हणजे हेमांगीचा थोरला भाऊ. गावचा मानकरी.

"मग?"

"मग काय, देव त्यांना नाही म्हणणार नाही. सगळ्यांना तसंच वाटतंय. कौल झाला की तुमची सही लागेल. देवराईत फक्त तापाचीच गोचीड आहे, दुसरी प्रजाती नाही, एवढंच लिहायचंय."

हेमांगी भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "एवढंच."

दोडामार्गच्या या डोंगरात माकडतापाचं भय जुनं होतं. थंडी सरली, काजू पिकायला लागले, की रानात आधी माकडं मरून पडत आणि मग माणसं अंथरूण धरत. तापाचा विषाणू पसरवायची गोचीड. ही काही कीटक नव्हे, कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली. फार जुनं खानदान, डायनासोरच्या पिसांना चिकटलेल्या गोचिडीसुद्धा राळेत गोठलेल्या सापडल्या आहेत. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहाच पाय असतात. ती रानउंदरांचं रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. हे पिल्लू तिळाएवढं असतं आणि माकड, माणूस काही म्हणता काही सोडत नाही. पुन्हा कात टाकून ती मोठी झाली की गुरांवर जाते. तीन वयं, तीन बिऱ्हाडं. मधल्या वयात ती घात करते.

तिच्यावर तोडगा निघाला तो 'निर्मादी'. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरांच्या पेशींत एक जनुकीय कात्री बसवलेली होती. ती कात्री डीएनएतला एक नेमका शब्द शोधते आणि कापते, आणि अशा नराच्या पोटी फक्त नरच जन्मतात. ते नरही तीच कात्री पुढच्या पिढीला देतात. दर वर्षी लाखो नर रानात सोडायचे. माद्या घटत जातात आणि एक दिवस वंशच खुंटतो. औषधाची फवारणी नाही, मधमाश्या मरत नाहीत, पाणी नासत नाही. पाच-सहा वर्षांत ताप असा ओसरला की लोक पुन्हा निर्धास्तपणे काजीत, म्हणजे काजूच्या बागांत, जाऊ लागले. हेमांगीनेही तेव्हा मनापासून पेढे खाल्ले होते.

राहिली होती ती फक्त गावाची देवराई. तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही अशी पूर्वापार रीत, मग तिथे परकी गोचीड सोडायची तर देवाला विचारायलाच हवं. प्रकल्पाने दोनदा कौल मागितला होता. दोन्ही वेळा डावा आला, म्हणजे नकार. अनिरुद्ध चडफडला होता. हेमांगीने मात्र मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

कारण देवराईतली गोचीड वेगळी होती.

"हे बघ," ती आता म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली.

अनिरुद्धने पाहिलं. काचेवर दोन पिल्लं उताणी पडली होती.

"मागच्या पायाच्या मुळाशी काटा दिसतो? उजवीकडचीचा लांब आणि टोकदार आहे. ही बाहेरची, तापाची. डावीकडचीचा आखूड आणि बोथट. ही देवराईतली."

"मॅडम, आपण हे बोललोय. डबी दोघींना एकच नाव देते. सत्त्याण्णव टक्के."

"डबी एकच तुकडा वाचते. त्यात फरक पडायला अजून वेळ आहे. या दोघी वेगळ्या होऊन फार काळ झालेला नाही."

ते कसं झालं असावं, याचा एक अंदाज तिने बांधला होता. पूर्वी या डोंगरांवर कुमरी चाले. रान तोडायचं, जाळायचं, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी पुढचा डोंगर. भोवतालचं सगळं रान पुन्हापुन्हा जळालं, तेवढी देवराई राहिली. तिच्या गार पाचोळ्यात एक गोचीड अडकून पडली. बाहेरच्यांशी सोयरीक तुटली, आणि हजारो पिढ्यांत ती बदलत गेली. काटा बोथट झाला, आणि का कोण जाणे, तिच्या आतड्यात तापाचा विषाणू टिकेनासा झाला. हेमांगीने हे पुन्हापुन्हा तपासलं होतं. आणखी एक गोष्ट होती. ज्या उंदराला देवराईतली गोचीड चावून गेली, त्याच्या कातडीवर तिची बाहेरची बहीण नीट चिकटू शकत नसे. म्हणून देवराईत तापाची गोचीड शिरतच नव्हती. जागा आधीच भरलेली होती.

"बरं, वेगळी असेल," अनिरुद्ध खुर्चीवर टेकत म्हणाला. त्याच्या डोळ्यांखालीही काळं झालं होतं. "पण आपले नर तिच्याशी जुळतात. प्रयोगात जुळले. मग ती तापाचीच समजायला काय हरकत आहे?"

"जुळतात म्हणूनच ती मरेल. आणि बाहेर काय झालंय ते बघ." तिने तिसरी काच सरकवली. "या माद्या. मागच्या आठवड्यात डोंगराच्या धारेवरच्या काजूच्या बागेत सापडल्या. यांच्यात कात्री आहे, पण तिला कापायला तो शब्दच सापडत नाही. एक अक्षर बदललंय, म्हणून माद्या पुन्हा जन्मतायत."

त्याने काच न बघताच परत सरकवली. मग म्हणाला, "मला माहीत आहे. दुसऱ्या दोन गावांतही सापडल्यात. म्हणूनच घाई करतोय मी. एक जरी कोपरा राहिला तरी सगळं परत येईल. वर काय सांगू मी? आमची मॅडम एका बोथट काट्यासाठी थांबलीय?"

"सांग की आमच्या मॅडमना वाटतं, ती परत येणारच आहे. आज ना उद्या. आणि येईल तेव्हा तिला अडवायला देवराईतल्या गोचिडीखेरीज आपल्याकडे काही नसेल. पुढेमागे हिलाच बाहेरच्या रानात वाढवता येईल."

"गावाला हे कोण सांगणार? तुम्ही?"

तिने काचा पुसून ठेवायला घेतल्या. तिला फक्त झोपावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली, सांगायचंच असं ठरवून. बाबल घरापुढच्या खळ्यात बसून आकडीला नवा बांबू लावत होता. काजू काढायची ती आकडी सुमित्रावहिनीची होती. सात वर्षांपूर्वी ती हीच आकडी घेऊन काजीत गेली, आठवड्याने तापली, आणि तालुक्याला नेईपर्यंत नाकातोंडातून रक्त यायला लागलं होतं. त्यानंतर बाबलने बागेत पाऊल टाकलं नव्हतं. काजू गळून सडत. बायकोमागे तो माणूस नुसता वाळत गेला होता.

"ह्या वर्सा जातंय मी काजीत," तो मान वर न करता म्हणाला. "राई एकदा साफ झाली काय माझ्या जिवाक बरा वाटात. सुमित्रा राईतल्याच वाटेन घराक इल्ली."

"दादा, तिका चावली ती गोचड राईतली नव्हती."

"तुका काय ठावक? तू खय होतस तेव्हा?"

ती तेव्हा एका परिषदेत होती. गोचिडींच्या प्रसारावर निबंध वाचत होती. तिने तोंडातले शब्द गिळले.

बाबलने तिला पेज वाढली, वर सुकटाची चटणी. तापाच्या वर्षांत या घराची एक रीत होती. रानातून आलेल्याने उंबऱ्याबाहेर कपडे काढायचे आणि दुसऱ्याने त्याची मान, काखा, कानामागं नीट बघायचं. वहिनी बाबलचं अंग बघायची, बाबल तिचं. हेमांगी लहान होती तेव्हा दादाच तिचे केस चाळायचा आणि एकेक गोचीड सापडली की तिला नाव ठेवायचा, गावातल्या म्हाताऱ्यांची नावं. त्या हसण्यातूनच तिला हे वेड लागलं असावं. आता कुणी कुणाचं अंग बघत नव्हतं. ताप गेला तशी रीतही गेली.

"गप कित्याक ऱ्हवलस? काय सांगूचा होता?"

"काय नाय. पेज बरी झाली."

परत येताना तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता, आणि तिने सगळा भार देवावर टाकला. दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदाही म्हणेल. आयुष्यभर विज्ञान केलेली बाई, पण अवघड जागेचं दुखणं आलं की तिलाही देवच आठवला.

कौलाला सारा गाव लोटला होता. सकाळचं कोवळं ऊन सभामंडपात आलं होतं. सखाराम गुरवाने देवाच्या काळ्या पाषाणाला पाणी घातलं आणि दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. अनिरुद्ध खांबाला टेकून उभा होता. बाबल पुढे झाला आणि त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली असत!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"तापाच्या गोचडीन आमची माणसा नेली. आता ती गोचड तुझ्या राईत तेवढी ऱ्हवली. तिका मारूक ही माणसा राईत येवक बघतत. तुझी परवानगी असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलने हात जोडलेलेच ठेवले. मग गाऱ्हाण्यात नसलेलं, हळूच म्हणाला, "माझी सुमित्रा गेली रे. आणखी कोणाची नको."

या वेळी कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

उजवीकडची पाकळी घसरली आणि पडली.

गावाने सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी घंटा वाजवली. अनिरुद्धने हेमांगीकडे पाहिलं आणि मान हलवली, आता तरी, अशा अर्थाने. तीन वर्षं हेमांगी ज्या देवाच्या आड लपली होती तो बाजूला झाला होता, आणि समोर ती एकटी उभी होती. देव रागावला नव्हता, फसलाही नव्हता. त्याने तिचं काम तिला परत दिलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. घंटेत ते कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "सखाराम, थांब. गाऱ्हाणा अपुरा असा."

घंटा वाजवणारा हात थांबला. देवापुढे गोष्ट पुरी मांडायची, अर्ध्या गाऱ्हाण्याचा कौल धरायचा नाही, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. पण असं भर कौलात कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय ऱ्हवला?" गुरवाने विचारलं.

"दादान सांगल्यान ता खोटा नाय. तेका जेवढा ठावक तेवढाच तो बोललो. उरलेला माका ठावक होता." तिने एकदा श्वास घेतला. "राईतली गोचड तापाची नाय. वेगळी असा. ती चावता, खाज येता, पण तिच्या पोटात ताप जगना नाय. आणि ती हय असा म्हणान तापाची हय येना नाय. तिका मारलात तर दार सताड उघडा पडात."

"भायरली तर मरान गेली मा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मरत होती. आता थोडी मरनत नाय. धारेवरच्या बागेत गावली. ती वाढतली. ताप परत येतलो."

बायकांमध्ये कुजबुज उठली. बाबल वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुका कधी कळला ह्या?"

"भायरचा आता कळला. राईतला तीन वर्सा झाली."

"तीन वर्सा. आणि तू गप ऱ्हवलस. काल माझ्या खळ्यात पेज खालस आणि गप ऱ्हवलस."

"देव नको म्हणत होतो, दादा. माका बोलूची गरजच पडली नाय." हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी भियालंय. माका तुझ्या तोंडाकडे बघून ता सांगूक जमला नाय."

गुरव पाकळ्यांचं तबक घेऊन अवघडून उभा होता. "बाबल, पुरा गाऱ्हाणा घाल. परत कौल लावया."

"नको." बाबलने हात वर केला. "देवाक परत त्रास दिवक नको. ह्या देवान सांगूचा नव्हता, हिना सांगूचा होता. आता सांगल्यान." मग तो तिच्याकडे बघत, एकेक शब्द तोडत म्हणाला, "राई असा तशी ऱ्हवांदे. पण ह्या गावात परत कोण तापान गेला, तर आमी देवाकडे जावचव नाय, हेमा. तुझ्या दारात येतलव."

"येवा," ती म्हणाली. "दार उघडा असतला."

अनिरुद्ध जाताना तिच्याजवळ थांबला. "सही करणार नाही, असंच ना?"

"नाही करणार."

"मॅडम, हे तुम्ही गावाला आधी सांगितलं असतं तर मला इतका त्रास..." त्याने वाक्य सोडून दिलं. चपला घालून तो उतारावरून निघून गेला.

बाबल घरी निघाला तशी ती मुकाट त्याच्या मागे चालू लागली. त्याने तिला बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. सात वर्षं टाळलेली बागेतली वाट त्याने आज धरली; ती आधी देवराईतून जात होती. आत गारवा होता, पाचोळा पायाखाली दबत होता. मग राई संपली आणि काजूची बाग लागली, पिवळी-तांबडी बोंडं लगडलेली. बाबल एका झाडाखाली थांबला, फांदी वाकवून एक बोंड त्याने तोडलं आणि नुसतंच हातात धरलं. ते दोघं पुन्हा चालू लागले.

खळ्यात पोचल्यावर तो तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसला. मग त्याने सदरा उतरवला आणि मान खाली घातली.

"बघ गे," तो म्हणाला.

हेमांगीने चष्मा पुसला. ती मागच्या पायरीवर बसली आणि बोटांच्या टोकांनी चाचपत बघू लागली. मान, खांदे, बरगड्यांच्या खाचा. किती वाळला होता दादा. पांढऱ्या केसांत तिने बोटं घातली, डावा कान बघितला, मग उजवा. कानामागे, केस सुरू होतात तिथे, तिळाएवढं काहीतरी चिकटलं होतं. तिने पिशवीतून चिमटा काढला, कातडीला टेकवून धरला आणि न पिळता सरळ वर ओढला. बाबल हलला नाही.

काचेच्या नळीत पडल्यावर गोचीड पाय हलवायला लागली.

"खयली?" त्याने विचारलं. "राईतली की काजीतली?"

तिने नळी उजेडाकडे धरली. मग हातातल्या भिंगाखाली धरली. "हयसून दिसना नाय. काटो बघूक होयो."

"डबीक इचार."

"डबीक दोघी सारख्योच."

बाबल हसला. हसू कडवट होतं, पण गेल्या कित्येक दिवसांतलं पहिलंच. त्याने सदरा अंगात घातला. "मगे तूच बघ. च्या पिवन जा."

"नको. बघून येतंय, मगे पितंय."

ती उठली तेव्हा कंबर कडकडली. केंद्रापर्यंतची चढण तिला रोज जड जायची. नळी मुठीत गच्च होती. काजीतली असली तरी प्रत्येकीत ताप असतोच असं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मागे बाबलने चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. तीस वर्षांत तिने हजारो गोचिडी उताण्या केल्या होत्या, आणि काटा जसा असेल तसा लिहिला होता. तो राईतलीसारखा आखूडच निघावा म्हणून तिने आज पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि चढण चढू लागली.